फुटलेला आवाज आणि बिघडलेला आवाज

(दृश्य : टेबलावर एक गोल फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फोडणारी, पायाने दाबायची डबी. गिटारची एक तार छेडली जाते.)

ऐका. सूर भरदार उठतो, पण विरायच्या आधीच मध्ये कुठेतरी तुटतो. पुन्हा ऐका. हळू छेडलं तर नुसतीच फुरफुर.

आवाज फोडणं हेच फझचं काम. त्यामुळे तो बिघडलाय हे लक्षात यायलाच वेळ लागतो. निरोगी फझमध्ये सूर कितीही फाटला तरी तो शेवटपर्यंत तग धरतो. इथे तो अर्ध्यात दम सोडतोय.

(दृश्य : मागचं झाकण उघडतं.)

हे पेडल नवं, घडण मात्र जुनी. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने ‘फझ फेस’ काढला, तोही असाच गोल, माइक स्टँडच्या बैठकीसारखा. आत आवाज वाढवणारे दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, म्हणजे फिरवायची बटणं. बस. भाग इतके थोडे, की एकाचं जरा बिनसलं तरी सगळा आवाज बदलतो.

पण सोल्डरिंग गन इतक्यात नको. आधी गिटार थेट या पेडलला जोडू. मध्ये दुसरं काहीही नाही. या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, फार कमी असतो, त्यामुळे गिटारचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारी गुंडाळी) जणू सर्किटचाच एक भाग होतो. मध्ये बफर, म्हणजे दोघांना वेगळं ठेवणारं सर्किट, आला की हे नातं तुटतं आणि आवाज कर्कश होतो. कित्येक ‘बिघडलेले’ फझ इथेच बरे होतात.

हा झाला नाही. बॅटरीही नवी घातली. फरक नाही.

अ‍ॅडॅप्टर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जपायला हवी. जर्मेनियम या पदार्थाच्या, पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अशा जुन्या घडणीत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्य व्होल्टला, असतं. इतर पेडलांबरोबर त्याच अ‍ॅडॅप्टरवर हे जोडलं, तर सरळ शॉर्ट होतो.

(दृश्य : मल्टिमीटर. काळी पिन ग्राउंडवर.)

आता मीटर. इनपुटच्या जॅकमध्ये केबल खोचलेली हवी, नाहीतर बॅटरी जोडलीच जात नाही आणि आपण उगाच शून्य वाचत बसतो. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : बेस, कलेक्टर आणि एमिटर. लाल पिन दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर. धन टोक ग्राउंडला, म्हणून इथे उणे साडेचार व्होल्टच्या आसपास आकडा अपेक्षित आहे. बॅटरीच्या नऊ व्होल्टचा मध्य, म्हणजे सुराला दोन्ही बाजूंना हलायला जागा.

मीटर दाखवतोय उणे ६.८.

ट्रान्झिस्टरमधून विद्युतप्रवाह कमी वाहतोय. म्हणूनच बारीक सूर पलीकडे पोचत नाही.

(दृश्य : ट्रान्झिस्टरवर टेकलेलं बोट. मीटरचा आकडा सरकू लागतो.)

इथे जरा थांबू या, कारण जर्मेनियमचा खरा स्वभाव इथे दिसतो. नुसतं बोट टेकवलं आणि आकडा हलला. बोटाची ऊब पुरली. जर्मेनियममधून बेसला काही न देताही थोडा प्रवाह गळत असतो, आणि तापमान वाढलं की ही गळती वाढते. दुपारी गरम स्टेजवर बिनसलेलं पेडल रात्री आपोआप सुधारतं, ते यामुळे. सोल्डरिंग केल्याकेल्या घेतलेलं मापही याच कारणाने फसवं असतं. सिलिकॉनला हा त्रास फार कमी.

ट्रान्झिस्टर उलटा तर बसला नाही ना, हेही पाहायला हवं. कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली तरी आवाज येतो, फक्त मरतुकडा येतो, म्हणून ही चूक सहज निसटते. इथे पाय बरोबर आहेत. सांधे पक्के आहेत. फझच्या पॉटवरचा २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही ठीक आहे. तो गेला असता तर फझ पूर्ण उघडूनही आवाज मवाळच राहिला असता.

उरला कलेक्टरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर. मूळ आकडा तोच असला तरी प्रत्येक जर्मेनियम ट्रान्झिस्टर वेगळा निघतो, सगळ्यांना तो मानवतोच असं नाही. त्याच्या जागी २० किलोओहमचा ट्रिमर, म्हणजे स्क्रूने कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, लावला. सोल्डरिंग निवेपर्यंत वाट पाहिली. आता स्क्रूड्रायव्हरने अगदी सावकाश...

सहा. साडेपाच. पाच. साडेचार.

(दृश्य : गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. तार छेडली जाते.)

हा सूर ऐका. फाटतो, पसरतो, पण तुटत नाही.

आता पेडलला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेऊ. फझ विरघळतो आणि काचेसारखा स्वच्छ आवाज पुढे येतो.

(दृश्य : झाकण बसतं. सूर विरेपर्यंत चित्र तसंच.)