चिकन रॅप आणि दादांची क्रीम पँट

नमस्कार श्रोतेहो. आज चिकन सॅलड रॅप, आशियाई चवीचा. आशिया केवढा मोठा! लाओसमध्ये बारीक चिरलेल्या चिकनचं 'लाब' करतात, ते पानांबरोबर खातात. कोरियात मांस पानात गुंडाळून खायची पद्धत आहे. व्हिएतनाममध्ये तांदळाचा कागदासारखा पापुद्रा पाण्यात बुडवून त्यात सारण भरतात. आपण घरी यातलं थोडंथोडं उचलतो, तेवढं चालतंच.

पण आज सांगायचंय ते पाण्याबद्दल. सॅलडच्या रॅपचा घात करतं ते पाणी.

माझ्या भाचीने एकदा प्रवासासाठी रॅप केले. आदल्या रात्री चिकन, कोबी, गाजर, सॉस सगळं कालवलं, पोळ्यांत गुंडाळलं आणि डबा बंद. गाडी सुटली, आमच्या दादांनी, म्हणजे तिच्या मामांनी, पहिला रॅप उचलला. वरचा भाग हातात राहिला, खालचा सगळा त्यांच्या क्रीम रंगाच्या पँटवर. सोया सॉससकट! दादा एक शब्द बोलले नाहीत. दादा बोलत नाहीत तेव्हा घाबरायचं, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत आहे.

पुढच्या प्रवासाला त्यांनी जाहीर केलं, "रॅप मी करणार." कोबीला मीठ लावून वीस मिनिटं ठेवला आणि असा पिळला की भाची म्हणाली, "मामा, त्याचा जीव जाईल." चिकन वेगळ्या डब्यात, बर्फाच्या पिशवीवर. सॉस घट्ट झाकणाच्या बाटलीत. पोळ्या कोरड्या. गाडीत मांडीवर वर्तमानपत्र पसरून दादांनी पहिला रॅप गुंडाळला. समोरच्या आजींनी विचारलं, "हे काय हो?" झालं! आजींना एक, त्यांच्या नातवाला एक, वरच्या बर्थवरच्या मुलाला एक. शेजारी एक गृहस्थ फोनवर अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं बोलत होते. (गाडीत फोनवर ओरडणाऱ्यांना शेवटच्या डब्यात बसवावं, असं माझं जुनं मत आहे.) तर त्यांच्याही हातात दादांनी रॅप दिला, आणि तो माणूस गप्प झाला. दादा कोबी पिळण्यावर व्याख्यान देत होते, भाची सॉस ओतत होती, आणि आमचं स्टेशन आलं आणि गेलं. पुढच्या स्टेशनवर उतरलो. दादांची पँट मात्र स्वच्छ!

आता कृती, पटकन. साधारण अर्धा किलो बोनलेस चिकन आल्याच्या तुकड्यांबरोबर मंद आचेवर शिजवा. खळाखळा उकळलं की ते चिवट होतं. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. आणि कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर जातात. निवलं की हातानेच धागे सुटे करा.

सॉससाठी दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा राइस व्हिनेगर, चमचाभर मध, किसलेलं आलं. भाजलेल्या तिळाचं तेल अगदी शेवटी, छोटा चमचाभरच; तापवलं की त्याचा वास उडतो. सोया सॉस खारट असतो आणि कोबीलाही मीठ लागलेलं असतं, म्हणून वरून मीठ घालायच्या आधी चव बघा. कुरकुरीतपणासाठी भाजलेले शेंगदाणे, तेही गुंडाळताना.

पुन्हा सांगते, कोबी पिळा, सॉस वेगळा ठेवा, गुंडाळा खाताना. पोळी नको असेल तर लेट्यूसचं पान घ्या, पण धुतल्यावर फडक्याने कोरडं करून.

शिजलेलं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. नमस्कार.