टाळी नको, हशा हवा

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत आज जवळजवळ रोज संध्याकाळी खार, अंधेरी, लोअर परळ अशा भागांत कुठे ना कुठे एखाद्या लहानशा खोलीत माणसे दाटीवाटीने बसलेली असतात आणि त्यांच्यासमोर एकच कलाकार हातात माइक घेऊन बोलत असतो. त्याच्या मदतीला नेपथ्य नसते, संगीत नसते, दुसरे पात्रही नसते. स्टँड-अप कॉमेडी आता आपल्या घराघरांतल्या मोबाइलवर पोहोचली आहे, त्यामुळे ती म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. मला आज बोलायचे आहे ते या माइकपर्यंत फार लांबून आणि फार कष्टाने पोहोचणाऱ्या स्त्रियांविषयी, आणि त्यांना आपण प्रेक्षक म्हणून काय देतो याविषयी.

दीपिका म्हात्रे यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. नालासोपाऱ्यात राहणाऱ्या दीपिकाताई पहाटेच्या लोकलमध्ये खोटे दागिने विकत आणि नंतर मालाडमधल्या घरांत स्वयंपाक करत. २०१७च्या सुमारास त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि ज्या घरांत बाईसाठी कप वेगळा, लिफ्टही वेगळी, त्या घरांविषयी त्यांनी खुल्या आवाजात विनोद केले. वेगळ्या कपाला आपल्याकडे जातीचा फार जुना वास आहे. त्या कपाविषयी भाषणे पुष्कळ झाली; परंतु ज्या बाईला तो कप दिला जातो तिनेच त्याची टर उडवावी आणि तो देणाऱ्यांनी समोर बसून ती ऐकावी, हे नवे होते. त्याआधी २००८मध्ये अमृतसरच्या भारती सिंग ‘लाफ्टर चॅलेंज’ या टीव्हीवरच्या विनोदी स्पर्धेतून घरोघरी पोहोचल्या. वडील लहानपणीच वारलेले आणि आईने इतरांच्या घरी राबून वाढवलेले, अशा घरातून त्या आल्या होत्या.

आपल्या मराठी परंपरेकडे पाहिले तर तमाशात हशा पिकवण्याचे काम सोंगाड्याचे आणि मावशीचे, आणि गंमत अशी की ती मावशीसुद्धा परंपरेने पुरुषच रंगवत आला. बाईच्या वाट्याला गाणे आणि नाचणे आले. बाईचा विनोद राहिला तो भोंडल्याच्या फेरात, उखाण्यात, जात्याशेजारी, म्हणजे घराच्या उंबऱ्याच्या आत. तो तिथे धारदारच होता. त्याला फक्त तिकीट लावलेला प्रेक्षक मिळाला नव्हता.

आता मी आपल्याला एक प्रसंग सांगणार आहे.

अंधेरीत एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर ओपन माइक होता. ओपन माइक म्हणजे नवशिक्यांची तालीमच. प्रत्येकाला चार-पाच मिनिटांचा स्पॉट मिळतो, आणि एक मिनिट उरले की मागून मोबाइलचा उजेड दाखवतात. त्या रात्री तिथे पोळ्या करण्याचे काम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. मी त्यांचे नाव सांगत नाही. सूत्रसंचालन करणारा मुलगा मनाने अतिशय चांगला होता. त्याने त्यांची ओळख मोठ्या आदराने करून दिली. या ताई पहाटे चारला उठतात, चार घरचा स्वयंपाक करतात, नवऱ्याचा आधार नाही, तरी दोन मुलांना शिकवत आहेत, असे सगळे त्याने सांगितले आणि म्हणाला, “जोरदार टाळ्या!” खोलीतले सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

ताई माइकपाशी आल्या आणि त्यांनी सुरुवात केली. “आमच्या मॅडम डाएटवर आहेत. दोनच पोळ्या खातात. साहेब पण डाएटवर. ते पण दोनच खातात. मी रोज बावीस लाटते. उरलेल्या अठरा कुठं जातात, ते डाएटला माहीत.”

कोणी हसले नाही. श्रोतेहो, विनोद चांगला होता, सांगितलाही नेमका होता, पण कोणी हसले नाही. सगळे त्यांच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहत होते. त्यांनी दुसरा विनोद सांगितला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक बाई हळहळून म्हणाल्या, “अरेरे!”

ताई थांबल्या. माइक त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “तुम्ही टाळ्या वाजवल्यात, बरं वाटलं. पण टाळ्या मी रोज सकाळी माझ्या मीच वाजवते, भाकरी थापताना. मी इथं हसवायला आलेय. आता मी खाली जाते आणि परत येते. तुम्ही मला ओळखत नाही. कळलं?”

आणि त्या खरोखरच खाली उतरल्या, दारापर्यंत गेल्या, पदर खोचला, पुन्हा माइकपाशी आल्या आणि अगदी तोच विनोद, त्याच शब्दांत, त्याच चालीवर सांगितला. आमच्या मॅडम डाएटवर आहेत. अठरा पोळ्यांपर्यंत त्या पोहोचल्या तेव्हा खोलीत असा हशा उसळला की त्यांना पुढचे वाक्य थांबवून धरावे लागले. मग त्या म्हणाल्या, “मॅडम मला नेहमी म्हणतात, तू आमच्या घरातलीच आहेस. मी म्हटलं, मग सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवा.” मघाशी अरेरे म्हणालेल्या बाई यावर सर्वांत मोठ्याने हसल्या. कदाचित त्यांनीही कुणाला तरी तेच वाक्य ऐकवले असेल.

मोबाइलचा उजेड दिसताच ताईंनी नमस्कार केला आणि त्या निघाल्या. इतरांचे ऐकायला त्या थांबल्या नाहीत, कारण त्यांना विरारकडे जाणारी गाडी गाठायची होती. जिन्यात त्यांनी त्या मुलाला गाठून सांगितले, “दादा, पुढल्या वेळी माझं नुसतं नाव सांगा. बाकीचं मी सांगते.”

तोच विनोद होता, तेच शब्द होते, तीच माणसे होती. पहिल्या वेळी त्या माणसांना ताईंची कीव येत होती, आणि ज्याची कीव येते त्याच्या विनोदाला मोकळेपणाने हसता येत नाही. टाळी दया म्हणून देता येते, कर्तव्य म्हणून देता येते, लाजेखातरही देता येते. हशा तसा देता येत नाही. म्हणूनच कलाकाराला टाळीपेक्षा हशा मोलाचा वाटतो आणि म्हणूनच कष्टकरी घरातून आलेल्या बाईची करुण कहाणी आधी सांगून टाकणे हा तिच्यावर अन्यायच आहे. तिची हलाखी हा तिचा कच्चा माल आहे. तो केव्हा, कोणत्या क्रमाने आणि किती उलगडायचा, हे तिने ठरवायचे असते, सूत्रसंचालकाने नव्हे.

दुसरी अडचण वेळेची आहे. पाच मिनिटांचा सेट, म्हणजे एका दमात सादर करायची विनोदांची मालिका, बसवायची तर ती वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर पुन:पुन्हा करून पाहावी लागते. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द गाळायचा, हे घरी आरशासमोर कळत नाही. असे बहुतेक ओपन माइक रात्री होतात, काही ठिकाणी स्पॉटसाठी पैसेही भरावे लागतात. पहाटे चारला उठणाऱ्या बाईला रात्री अकराचा स्पॉट देणे म्हणजे तो न देण्यासारखेच आहे. घरकाम करणाऱ्या बायकांना थोडीफार उसंत मिळते ती दुपारी, दोन ते चारच्या दरम्यान. माझे तर आग्रहाचे म्हणणे आहे की आपल्या मराठी नाट्यगृहांच्या तालमीच्या खोल्या आठवड्यातून एखाद्या दुपारी नाममात्र भाड्याने अशा कलाकारांना मिळाव्यात. दुपारच्या नाटकांना भरगच्च गर्दी करणारा स्त्रीप्रेक्षक या शहराने पाहिला आहे, आणि तो चोखंदळ आहे. शिवाय लोकलच्या महिला डब्यात गजरे, टिकल्या, क्लिपा विकणाऱ्या बायका दोन स्टेशनांच्या मधल्या तीन मिनिटांत गिऱ्हाइकाला बोलते करतात. वेळेचा तेवढा अंदाज मी पुष्कळ नामवंत वक्त्यांतही पाहिलेला नाही.

त्या ताई अजून पोळ्या करतात आणि अजून विनोदही करतात. त्यांचा सेट आता बारा मिनिटांचा झाला आहे. शेअर सर्टिफिकेटचा विनोद त्यांनी अगदी शेवटी नेला आहे, कारण त्याच्यानंतर दुसरा कुठलाच विनोद उभा राहत नाही, असे त्या सांगतात. पोळ्यांचा मात्र पहिलाच आहे, आणि बावीसच्या आता सव्वीस झाल्या आहेत, कारण मॅडमचा मुलगाही डाएटवर गेला आहे.

नमस्कार.