शेला पांघरलेला ससा

पडद्यावरचं हे मुखपृष्ठ थोडा वेळ नुसतं बघा. डिसेंबर १९४२ ची तारीख असलेला 'फॉसेट्स फनी ॲनिमल्स' या अमेरिकन कॉमिकचा हा पहिला अंक. कॅप्टन मार्व्हल हा लाल पोशाखातला नायक त्या वेळी अमेरिकन मुलांच्या गळ्यातला ताईत होता. तो स्वतः मुखपृष्ठावर आला आहे आणि एका सशाची ओळख करून देतो आहे. सशाच्या अंगात तसाच लाल पोशाख, खांद्यावर तसाच शेला, छातीवर तशीच वीज. फक्त कान लांब.

हा हॉपी. चॅड ग्रॉथकॉफ या चित्रकारानं घडवलेला. त्याच्या जन्माची गोष्ट मला फार जवळची वाटते. कॅप्टन मार्व्हलच्या गोष्टीत बिली बॅटसन या पोराला एक म्हातारा जादूगार भेटतो, तो त्याला 'शझाम' हा मंत्र देतो. सॉलोमन, हर्क्युलीस, ॲटलस, झ्यूस, अकिलीस, मर्क्युरी यांची आद्याक्षरं जोडून तो शब्द झालेला. आमच्या सशाला जादूगार वगैरे कुणी भेटत नाही. तो कॅप्टन मार्व्हलचं कॉमिक वाचत बसलेला असतो, आणि वाचता वाचता तो शब्द आपणही म्हणून बघू, असं त्याच्या मनात येतं. म्हणतो, आणि होतो! दहा सेंटांचा अंक हाच त्याचा गुरू. पलंगावर पालथं पडून हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक पोरानं त्या दिवशी तो शब्द एकदा तरी पुटपुटला असणार, याची मला खात्री आहे.

या कॉमिक्सना लोक विडंबन म्हणून बाजूला टाकतात. मला ते पटत नाही. हॉपीची कुणी टर उडवत नाही. ॲनिमलव्हिल या त्याच्या गावात संकट येतं ते खरं असतं, आणि तो धावून येतो तोही मनापासून. आपल्या पंचतंत्रातला ससा अकलेनं सिंहाला विहिरीत पाडतो. या सशाला अक्कल आहेच, शिवाय ताकदही हवी आहे. लहान मुलांना नेमकं तेच हवं असतं.

आता चित्रकाराची अडचण समजून घ्या. आतली पानं स्वस्त कागदावरची, रंग ठिपक्याठिपक्यांनी छापलेले. मुखपृष्ठ तेवढं गुळगुळीत कागदावर, आणि स्टॉलवर शेजारी डझनावारी अंक मांडलेले. दिवाळीत अंक चाळताना आपला हात कुठे जातो ते आठवा. इथे नायक धिप्पाड नाही. मोठं डोकं, टपोरे डोळे, आखूड पाय असं लहान मुलाचंच माप. दंडाचे स्नायू दाखवायला दंडच नाहीत. मग ताकद दाखवायची कशी? ताकद येते ती उभं राहण्यातून. छाती पुढे, मूठ आवळलेली, आजूबाजूचे प्राणी मान वर करून बघताहेत, आणि मागे ताणलेला शेला. त्या शेल्यावर अंगठा ठेवून बघा. उडणारा ससा लगेच लोंबकळायला लागतो. सगळा वारा त्या एका रेषेत आहे.

१९४२ मध्येच, ऑक्टोबरमध्ये, 'कू कू कॉमिक्स'मध्ये सुपरमाऊस आला. त्याच महिन्यात टेरीटून्स या कार्टूनपट कंपनीनं सिनेमाच्या पडद्यावरही एक उंदीर आणला, त्याचंही नाव सुपर माऊसच. १९४४ मध्ये पडद्यावरच्या उंदरानं नाव बदललं आणि तो मायटी माऊस झाला.

या मायटी माऊसनं १९५३ मध्ये एक नवल केलं. सेंट जॉन प्रकाशनासाठी जो क्युबर्ट आणि नॉर्मन माउरर यांनी त्याचं त्रिमितीय कॉमिक काढलं. या प्रकारातलं पहिलंच. पारदर्शक फिल्मवर चित्राचे थर वेगवेगळे काढायचे, डाव्या आणि उजव्या डोळ्यांसाठी ते किंचित सरकवायचे आणि दोन रंगांत एकावर एक छापायचे. नुसत्या डोळ्यांना पान फिसकटल्यासारखं दिसतं. अंकाबरोबरचा रंगीत चष्मा लावला की उंदीर कागदातून बाहेर येतो. किंमत पंचवीस सेंट, म्हणजे नेहमीच्या अडीचपट, तरी दहा लाखांवर प्रती खपल्या. वर्षभरात मात्र ही लाट ओसरली.

त्याच वर्षी मार्चमध्ये चार्लटन कंपनीचा ॲटॉमिक माऊस आला. त्याला बळ मिळतं यू-२३५ च्या गोळ्यांमधून. इथे मी दरवेळी अडखळतो. यू-२३५ म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमधलं युरेनियम. त्याला जेमतेम साडेसात वर्षं झाली होती, आणि मुलांच्या अंकात एक गोड उंदीर तेच औषधासारखं गिळतो आहे. १९५५ मध्ये ॲटॉमिक रॅबिट आला, त्याची गाजरं किरणोत्सारी. मला ही चित्रं देखणी वाटतात, आणि बघताना पोटात गोळाही येतो. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एकही मला सोडता येत नाही.

आता परत हॉपीकडे. कॅप्टन मार्व्हल ही सुपरमॅनची नक्कल आहे, असा दावा सुपरमॅनच्या प्रकाशकांनी १९४१ मध्ये लावला होता. तो बारा वर्षं चालला. १९५३ मध्ये कॅप्टन मार्व्हलची प्रकाशक असलेल्या फॉसेट कंपनीनं चार लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि आपले महानायक बंद केले. मोठ्यांच्या भांडणात सशाचंही घर गेलं. पुढे त्याच्या जुन्या गोष्टी चार्लटननं छापल्या, पण आता त्याचं नाव 'मॅजिक बनी' आणि मंत्र 'अलिझॅम'. 'मार्व्हल' गेलं, 'शझाम' गेलं. ज्या कॉमिकमधला शब्द वाचून तो घडला, तो शब्दच त्याच्या तोंडून काढून घेतला.

मागच्या बाजूचे दिवे जरा मंद कराल का? ही दोन पानं शेजारी शेजारी लावतो. डावीकडचं आधीचं, उजवीकडचं नंतरचं. मजकूर वाचू नका, पिशवीभर गाजरं सोडून निघालेल्या त्या सशाकडे बघा. संवादाच्या फुग्यात शब्द बदलला आहे. पुढे आलेली छाती तीच, मूठ तीच, आणि शेला अजून तसाच ताणलेला.