तारण कृपेने, मग विश्वासाचं बिल कशाला?

नमस्कार मंडळी! ऐरोलीत पाऊस कोसळतोय, पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

‘ताई, तारण फक्त कृपेने, तर चांगलं वागायचं कशाला?’ कॉमेंटमध्ये किती वेळा विचाराल! येते त्यावर. तारण म्हणजे पापातून सुटका. मूळ मुद्दा पटकन: माणूस पापी, स्वतःच्या पुण्याईने सुटका नाही, ख्रिस्ताने वधस्तंभावर प्राण दिला, तारण हे देवाचं दान. बायबलमधलं पौलाचं इफिसकरांस पत्र, अध्याय 2, वचनं 8 आणि 9. झालं.

आता माझं दुखणं. ‘मी विश्वास ठेवला म्हणून देवाने मला तारलं.’ चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, कुणीतरी हे म्हणतंच. अहो, तागडीतून नवस बाहेर काढला आणि त्याच तागडीत विश्वास टाकला! पौल म्हणतो कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ‘द्वारे’! विश्वास म्हणजे पुढे केलेला हात. हात पुढे केल्याची कुणी मजुरी मागतं का?

लहानपणी शेजारच्या काकूंकडून खीर आली की आई वाटी रिकामी परत पाठवायची नाही. काही नसलं तर चमचाभर साखर. एकदा काकू वैतागल्या, ‘अगं, खीर विकली नव्हती मी!’ आपला विश्वास ही ती साखर होऊन बसलाय.

अजून नाही पटलं? बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय 20 काढा. येशूच्या गोष्टीत द्राक्षमळ्यात संध्याकाळी पाचला लागलेल्यालाही दिवसभराची मजुरी. आपल्या नाक्यावर सकाळपासून उभा असलेला बिगारी डोळ्यांसमोर आणा, दिवसभर कुणी नेलाच नाही असा. तासाभरात त्याने फावडं काही जादूने मारलं नाही. मालक दिलदार होता, एवढंच. आणि सकाळपासून राबलेल्यांच्या पोटात दुखलं, ते आपण!

आता चांगलं वागायचं कशाला? पौलाने रोमकरांस पत्र, अध्याय 6 मध्ये हाच प्रश्न घेतलाय: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं? मुळीच नाही. आणि इफिसकरांस पत्राच्या त्याच अध्यायाचं 10वं वचन सांगतं, आपल्याला घडवलंय सत्कर्मांसाठी. 8 आणि 9 सगळ्यांना पाठ, 10 म्हटलं की सामसूम! पुढे काकू आजारी पडल्या तेव्हा आईने महिनाभर डबा दिला. त्यात कुठे खिरीची परतफेड होती?

कॉमेंटमध्ये ‘कॅथलिक लोक कर्मानेच तारण मानतात’ लिहिणारे दादा, 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट), दोघांनी एकाच निवेदनावर सह्या केल्यात. देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या लायकीमुळे नव्हे, असं त्यात आहे. मतभेद संपले नाहीत, पण माझ्या ठाण्याच्या कॅथलिक मैत्रिणीला ‘तुम्ही कर्मानेच तारण मानता’ असं ऐकवायला जाऊ नका, ती मला फोन करते.

आणि हो, ‘माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो’ हे बायबलमधलं याकोब 2:24 टाकणाऱ्यांनो, दिसल्यात कॉमेंट. त्याला वेगळा व्हिडिओ लागेल, पाऊस थांबल्यावर.