खिळ्यांनी ठोकलेलं निशाण

श्रोतेहो, नमस्कार. ठाम राहण्याबद्दल इंग्रजीत जे वाक्प्रचार आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा वाक्प्रचारांना तोफेच्या दारूचा वास येतो. 'स्टिक टू युवर गन्स' म्हणजे तोफ सोडून पळू नका. 'होल्ड द फोर्ट' म्हणजे कुमक येईपर्यंत किल्ला लढवत ठेवा. हल्ली साहेब रजेवर गेला की मागे उरलेला कारकून तो फोर्ट होल्ड करतो, ते सोडा. आणि आपण मराठीत आता सरळ 'स्टँड घेतो'. माझ्या पिढीला स्टँड एकच ठाऊक, एसटीचा, आणि तिथे ठामपणा फक्त चौकशीच्या खिडकीत दिसायचा.

पण मला आज गोष्ट सांगायची आहे ती 'नेल युवर कलर्स टू द मास्ट'ची. इथे कलर्स म्हणजे जहाजाचं निशाण आणि मास्ट म्हणजे डोलकाठी. समुद्रावरच्या लढाईत निशाण खाली आलं की जहाज शरण आलं, असा तेव्हाचा संकेत. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. निशाण खाली, म्हणजे शरणागती.

साल १७९७. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि डच आरमार फ्रान्सच्या बाजूने. नेमक्या त्याच वर्षी इंग्लंडच्या खलाशांनी बंड केलं. का करू नये? त्यांचा पगार १६५८ पासून वाढलेला नव्हता! महागाई भत्त्याची फाइल वर्षभर अडली की आपण केवढा आरडाओरडा करतो. असो. ॲडमिरल डंकनकडे काम होतं हॉलंडच्या टेक्सेल बेटापाशी डचांना कोंडून धरायचं. त्याची बहुतेक जहाजं बंडात सामील झाली. उरली दोन, त्याचं स्वतःचं 'व्हेनरेबल' आणि दुसरं 'ॲडमंट'. समोर सबंध डच आरमार. हा गडी हलला नाही. दोन जहाजं घेऊन तिथेच उभा राहिला, आणि क्षितिजापलीकडे आपला मोठा ताफा असल्यासारखा निशाणं हलवून त्याला हुकूम देत राहिला. तिकडे होतं काय? नुसतं पाणी! डच बाहेर पडले नाहीत. म्हणतात की त्याने आपल्या माणसांना सांगितलं, इथल्या पाण्याची खोली मी मोजली आहे. जहाज बुडालं तरी माझं निशाण पाण्याच्या वर फडकत राहील.

पुढे बंड निवळलं, जहाजं परत आली आणि ११ ऑक्टोबरला हॉलंडच्या किनाऱ्याजवळ कॅम्परडाउनची लढाई जुंपली. ऐन धुमश्चक्रीत 'व्हेनरेबल'च्या डोलकाठीचा शेंडा तोफेने उडाला आणि डंकनचं निशाण खाली आलं. आता आठवा, निशाण खाली म्हणजे काय? आपल्याच बाकीच्या जहाजांना वाटायचं, ॲडमिरल शरण गेला. तेव्हा जॅक क्रॉफर्ड नावाचा, इंग्लंडमधल्या संडरलंड गावचा, २२ वर्षांचा खलाशी गोळ्यांच्या माऱ्यात वर चढला आणि मोडक्या डोलकाठीला त्याने ते निशाण खिळ्यांनी ठोकलं. दोरीला बांधलेलं निशाण ओढून उतरवता येतं. खिळ्यांनी ठोकलेलं उतरवता येत नाही. वाक्प्रचाराचा सगळा जीव या खिळ्यांत आहे. माघारीची दोरीच ठेवायची नाही. लढाई इंग्रजांनी जिंकली. डच ॲडमिरल द विंटरने तलवार पुढे केली, तर डंकनने तलवार नको म्हणून त्याचा हात हातात घेतला, असं सांगतात.

जॅकला वर्षाला ३० पौंडांचं पेन्शन मिळालं, गावाने रुप्याचं पदक दिलं. पुढे दारू लागली, पैशापायी पदकही गेलं, आणि १८३१ साली संडरलंडमध्ये कॉलरा शिरला तेव्हा पहिल्या काही बळींत हा होता. गरिबांच्या, नावगाव नसलेल्या थडग्यात पुरला. पुतळा उभा राहिला १८९० साली, मोब्रे पार्कात. माणूस उपाशी असताना कोणी विचारत नाही आणि गेल्यावर वर्गणी जमते, ही खोड काही फक्त आपलीच नाही.

वेळ संपत आली, तेव्हा बाकीचं भराभर. 'डिग युवर हील्स इन' म्हणजे टाचा रोवणे, पण यात कौतुक कमी आणि वैताग जास्त. सूनबाईबद्दल बोलताना जपून वापरा. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर १९८० साली ब्रायटनला, आपल्या पक्षाच्या अधिवेशनात, धोरण बदला म्हणणाऱ्यांना म्हणाल्या होत्या, वळायचं तर तुम्ही वळा, ही बाई वळणारी नाही. त्यांचे चाहते याला निर्धार म्हणाले, विरोधक हट्ट. ही गंमत तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी बीबीसीच्या रेडिओवरच सांगून ठेवली होती: मी ठाम आहे, तू हेकट आहेस, आणि तो? तो तर निव्वळ अडेल मूर्ख. घरी कोणाशी वाद चालू असेल तर यातला 'तो' कोण, ते ठरवून ठेवा.

पुढच्या वेळी कच खाण्याचे, शेपूट घालण्याचे इंग्रजी वाक्प्रचार घेऊ. तेही पुष्कळ आहेत. नमस्कार.