अर्ध्या सेकंदाची फट

[काळा पडदा. मधोमध अधिकचं छोटं चिन्ह.]

नजर या चिन्हावर ठेवा. याच जागी आता एकामागून एक अक्षरं येतील, सेकंदाला दहा. त्यांत दोन अंक दडलेले आहेत. ते तेवढे ओळखायचे.

[अक्षरं झरझर बदलतात. मध्येच ७, थोड्या वेळाने ३.]

पहिला अंक बहुतेकांना सापडतो. दुसरा मात्र त्यानंतर साधारण २०० ते ५०० मिलिसेकंदांत आला, तर पुष्कळदा निसटतो. डोळे उघडे, नजर तिथेच, अंक डोळ्याच्या पडद्यावर नीट उमटलेला. तरी माणूस खात्रीने सांगतो, दुसरा अंक नव्हताच. १९९२ मध्ये जेन रेमंड, किम्रॉन शपिरो आणि कॅरन आर्नेल या मानसशास्त्रज्ञांनी याला 'अटेन्शनल ब्लिंक', म्हणजे लक्षाची पापणी लवणं, असं नाव दिलं.

अक्षरं फार वेगाने येतात म्हणून असं होत असेल? तपासून पाहता येतं. तीच मालिका पुन्हा दाखवायची, फक्त सांगायचं की पहिल्या अंकाकडे लक्ष देऊ नका. आता दुसरा सहज दिसतो. म्हणजे डोळा कमी पडत नाही. लक्ष पहिल्या अंकात गुंतलेलं असतं.

जाणिवेच्या अभ्यासकांना हा प्रयोग इतका मोलाचा वाटतो तो याच कारणाने. पडद्यावरचं चित्र तेच, उजेड तोच, वेळ तोच. एका फेरीत ते जाणवलं, दुसरीत नाही. मग फरक शोधायचा तो मेंदूत.

[इलेक्ट्रोडची टोपी. एकेका छिद्रात जेल भरलं जातंय.]

त्यासाठी ईईजी, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणं. डोक्यावर बहुधा ३२ किंवा ६४ इलेक्ट्रोड. आपल्याला हवा असलेला संकेत जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, आणि मेंदूची इतर हालचाल त्याच्या कितीतरी पट मोठी. एका फेरीत काहीच हाती लागत नाही, म्हणून शेकडो फेऱ्यांची सरासरी काढतात. १०० फेऱ्या घेतल्या की गोंगाट एक दशांशावर येतो. पण पापणी लवली की १०० मायक्रोव्होल्टच्या आसपासची उसळी येते आणि ती फेरी बिघडते. पापणी लववूच नका असं बजावलं, तर तेही एक काम होऊन बसतं आणि लक्ष तिकडे जातं. त्यापेक्षा दर फेरीनंतर पापण्यांना मोकळीक दिलेली बरी.

वेळेचंही तसंच. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो. १०० मिलिसेकंद म्हणजे सहा फ्रेम. एखादी फ्रेम चुकली तर ईईजीतल्या लहरी सरकतात आणि सरासरीत फिसकटून जातात. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यावर प्रकाशसंवेदक चिकटवून अंक नेमका कधी उमटला ते नोंदवायचं. संगणकाच्या घड्याळावर विसंबायचं नाही. शिवाय काही फेऱ्यांत दुसरा अंक ठेवायचाच नाही. तिथेही कुणी 'दिसला' म्हणत असेल, तर तो अंदाज ठोकतोय.

एवढं सांभाळल्यावर जे दिसतं ते विलक्षण आहे. निसटलेल्या अंकाच्याही सुरुवातीच्या लहरी जवळपास शाबूत असतात. अंकाऐवजी शब्द दाखवला, तर न जाणवलेल्या शब्दाचा अर्थसुद्धा मेंदूने लावलेला असतो. ४०० मिलिसेकंदांच्या आसपासची लहर तसं सांगते. नाहीशी होते ती ३०० मिलिसेकंदांनंतर उठणारी पी-३ ही मोठी लहर.

मग पी-३ हीच जाणिवेची खूण? बरीच वर्षं तसं मानलं गेलं. पण प्रयोगातला माणूस नुसता पाहत नाही. तो ठरवतो, लक्षात ठेवतो, बटण दाबतो. ही कामं काढून टाकली, तर चित्र स्पष्ट दिसत असतानाही पी-३ बरीचशी विरते. जाणीव आणि तिची कबुली वेगळी काढणं, या शास्त्राची खरी कसोटी इथे आहे.

जाणीव कशी घडते याविषयीच्या दोन प्रतिस्पर्धी सिद्धान्तांच्या समर्थकांनी मग भाकितं आधीच लिहून ठेवून एकत्र प्रयोग केला. २५६ माणसं, मेंदू तपासण्याची तीन तंत्रं, आणि २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष. मेंदूच्या मागच्या भागात टिकून राहणारा ताळमेळ एकाला अपेक्षित होता, तो मिळाला नाही. चित्र पडद्यावरून जाताना मेंदूच्या पुढच्या भागात उसळी येईल असं दुसऱ्याचं म्हणणं होतं, तीही बहुतांशी आली नाही.

[रुग्णाच्या डोक्याजवळ चुंबकीय कॉइल.]

पण जो रुग्ण बोलू शकत नाही, बटण दाबू शकत नाही, त्याचं काय? तिथे कॉइलने मेंदूला एक क्षणिक चुंबकीय ठोका देतात आणि त्याचे पडसाद ईईजीवर टिपतात. गाढ झोपेत किंवा भुलीखाली पडसाद साधा, एकसुरी. जागेपणी तो दूरवर पसरतो आणि गुंतागुंतीचा होतो. संगणकावर फाइल दाबून लहान करतात, तशीच ही नोंद दाबून पाहायची. जितकी कमी दबेल तितका गुंतागुंतीचा आकडा मोठा, आणि तितकी जाणीव असण्याची शक्यता जास्त. एक मोठा धोका: ठोक्यासरशी कॉइल 'टक्' वाजते, आणि तो आवाज ऐकूनही मेंदू प्रतिसाद देतो. म्हणून रुग्णाच्या कानांत इअरफोन घालून सतत खरखर ऐकवतात आणि कॉइलखाली फोमचा पातळ थर ठेवतात. हे राहून गेलं, तर कानाचा प्रतिसाद ठोक्याचा म्हणून मोजला जाईल, आणि आकडा चुकेल.