आधी दगड उलटा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘ओढ्यांच्या तब्येतीबद्दल स्वयंसेवकांनी केलेल्या नोंदींवर विश्वास ठेवावा का?’ उत्तर ‘हो, पण’ असं आहे. त्या ‘पण’कडे येतोच. त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी लागेल. संयोजकांना ती पाठ आहे, त्यामुळे ते आत्ताच घड्याळाकडे बघतायत.

तक्रार बाटलीबद्दल आहे. ओढा तपासायचा ठरला की आपण आधी टोप्या वाटतो. मग रविवारी सकाळी उन्हं छान वर आल्यावर ओढ्यात बाटली बुडवायची, थेंब टाकायचे, रंग बदलला की फोटो काढायचा. ऑक्सिजन भरपूर! टाळ्या! अहो, पण २० अंश सेल्सिअसचं पाणी हवेतून लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांचं साडेसात. सांडपाण्यावर माजलेलं शेवाळ उन्हात याहूनही जास्त ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि तळातले जिवाणू मिळून तो संपवतात, आणि उजाडायच्या सुमारास आकडा तळ गाठतो. म्हणजे आजारी ओढा नेमका आपल्या सोयीच्या वेळेला ठणठणीत दिसतो. पहाटे चारला या म्हटलं, तर लोक टोप्यासुद्धा परत आणून देतात.

बाटलीत सापडतो तो एक क्षण. दगडाखाली मात्र महिनोन् महिने तिथेच मुक्काम ठोकलेली किड्यांची मंडळी असतात. स्टोनफ्लायची पिल्लं: दोन शेपट्या, थंड आणि वाहत्या पाण्याची हौस, ऑक्सिजन घटला की पहिला निरोप यांचाच. मेफ्लायची पिल्लं: बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या कडेनं हलणारे कल्ले. कॅडिसफ्लायच्या अळ्या, यातल्या बऱ्याच जणी वाळू-काड्यांचं घर अंगावर घेऊन फिरतात. आणि दुसऱ्या टोकाला चिखलातल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे इतरांचा जीव जातो तिथे त्या सुखानं नांदतात. लाल अळ्या दिसल्या म्हणजे पाणी घाण, असं समजू नका. त्या स्वच्छ पाण्यातही असतात. फक्त त्याच उरल्या असतील, तर मग काळजी करा.

हे एकदा मी एका कार्यालयात समजावायला गेलो. नाव सांगत नाही, तिथे अजून अर्ज पडून आहे. म्हटलं, ‘साहेब, ओढ्यातले किडे नाहीसे झालेत.’ साहेबांनी अभिनंदन केलं. म्हटलं, ‘नाही, ते परत यायला हवेत.’ तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘किड्यांचं फवारणीवाले बघतात, वरचा मजला.’ मीही हट्टानं वर गेलो. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, ‘फवारणी कधी हवी?’ मी म्हटलं, ‘झाली असावी अशीच शंका आहे.’ त्यावर त्यांनी मला पुन्हा खाली पाठवलं.

हसताय, पण शंका अगदीच हवेतली नसते. इंग्लंडमध्ये केनेट नदीवर स्वयंसेवक ठरावीक जागी जाळी लावून हेच काम करतात. जुलै २०१३मध्ये त्यांच्या जाळीत नेहमीचे जीव येईनात. पाणी बघायला नितळ होतं. तपासाअंती निघालं क्लोरपायरिफॉस, म्हणजे कीटकनाशक, आणि तेही सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आलेलं. सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातले बहुतेक किडे आणि गोड्या पाण्यातले झिंगे मेले होते. रविवारच्या थेंबांना यातलं काहीही कळलं नसतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तो ‘पण’.

विश्वास माणसावर ठेवायचा नसतो, पद्धतीवर ठेवायचा. जागा तीच, जाळी तीच. प्रवाहात जाळीच्या वरच्या अंगाला उभं राहून तळ पायानं तीन मिनिटं ढवळायचा. चौथं मिनिट घेऊ नका, माल वाढतो आणि तुलना मोडते. प्रजाती ओळखायच्या भानगडीत पडू नका, गट पुरतात. तेवढं नवशिक्याला थोड्या सरावानं जमतं, आणि अधूनमधून जाणकाराकडून जाळीतला माल ओतलेला तोच ट्रे पुन्हा तपासून घेता येतो. ब्रिटनमधल्या जुन्या गुणपद्धतीत कुळांना १ ते १० गुण असत. गांडूळवर्गाला १, लाल अळ्यांच्या कुळाला २, नाजूक मंडळींना १०. बेरीज आणि सरासरी दोन्ही लिहा, कारण जास्त शोधलं की बेरीज फुगते, सरासरी तेवढी हलत नाही. काही सापडलं नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका. संशयित नाल्याच्या वर एक जागा घ्या, खाली एक.

किडे काय सांगत नाहीत तेही ऐका. काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, काय बिघडलंय ते नाही. तिथे मात्र बाटली लागते, प्रयोगशाळाही. पूर किंवा कोरड पडून गेली तरी ट्रे रिकामा येतो. आणि ट्रे भरला म्हणून ते पाणी पिऊ नका, रोगजंतूंचा हिशेब किडे ठेवत नाहीत.

राहिली एकच गोष्ट, आणि ती मुख्य होती: गुण किती खाली आला की कुणाला फोन करायचा, हे मोजणी सुरू करण्याआधी त्या माणसाशी बोलून लेखी ठरवा. नाहीतर वरचा मजला ठरलेलाच. बसतो. प्रश्न असतील तर बाहेर विचारा, आणि दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा.